कॉन्ड्युट १.२ वरून १.३ वर जाताय? या चुका टाळा

हॅस्केलचा जुना प्रोजेक्ट हातात आला, त्यात कॉन्ड्युट (डेटा तुकड्या-तुकड्याने पुढे नेणारी लायब्ररी) १.२ आहे, १.३ करायचंय, आकडा तर एकानेच वाढलाय, मग एवढे एरर का येतायत? पहिली चूक इथेच होते. हॅस्केलच्या पॅकेजेसमध्ये पहिले दोन आकडे मिळून मेजर व्हर्जन धरतात, त्यामुळे १.२ आणि १.३ या दोन वेगळ्या मेजर व्हर्जन्स आहेत. "१ तोच आहे म्हणजे काही मोडणार नाही" ही बाकीच्या भाषांमधली सवय इथे चालत नाही. कबाल फाइलमध्ये (प्रोजेक्टला कोणती पॅकेजेस लागतात ती यादी) नुसतं >=१.२ लिहून वरची मर्यादा मोकळी सोडली असेल तर एक दिवस नव्या मशीनवर बिल्ड करताना १.३ आपोआप येऊन बसतं. ^>=१.३.४ असं लिहा, मग १.४ आलं तरी ते घुसणार नाही.

दुसरी चूक, थेट उडी मारणं. .| हा पाइपलाइनचे तुकडे जोडणारा नवा ऑपरेटर १.२.८ पासूनच आहे, त्यामुळे आधी १.२ च्याच शेवटच्या व्हर्जनवर या, $$, $=, =$, =$= हे सगळे तिथेच बदलून घ्या, टेस्ट पास होऊ द्या आणि मग १.३ लावा. जुने ऑपरेटर १.३ मध्ये डेप्रिकेटेड आहेत, वॉर्निंग देतात पण चालतात. बदलताना एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे $$ जोडायचा पण आणि चालवायचा पण, .| फक्त जोडतो. म्हणून सगळ्या पाइपलाइनला बाहेरून रनकॉन्ड्युट लागतं.

टाइप्सचं म्हणाल तर सोर्स (डेटा देणारा), सिंक (शेवटी घेणारा), कन्झ्युमर (कुठेही बसणारा घेणारा) ही नावं आता डेप्रिकेटेड, सगळीकडे कॉन्ड्युटटी हा एकच टाइप. कन्झ्युमरच्या जागी आउटपुट टाइप व्हॉइड (म्हणजे पुढे काहीच जात नाही) लिहून मोकळे होऊ नका, तो तुकडा पाइपलाइनच्या मध्ये वापरायला गेलात की टाइप जुळत नाही. तिथे मोकळा टाइप व्हेरिएबल ठेवा.

खरा घाम निघतो तो स्टेटटीने, म्हणजे मोनाडवर (कामं क्रमाने जोडणारी हॅस्केलची रचना) बदलती स्टेट सांभाळणाऱ्या थराने. २०१८ ला १.३ आलं तेव्हा मोनाड-कंट्रोल हे पॅकेज काढून त्या जागी अनलिफ्टआयओ घेतलं, आणि त्यातल्या मोनाडअनलिफ्टआयओचा इन्स्टन्स (त्या टाइपसाठी लिहिलेली अंमलबजावणी) स्टेटटीला किंवा एरर सांभाळणाऱ्या एक्सेप्टटीला नाहीच. लोक मग तो इन्स्टन्स स्वतः लिहायला बसतात, कृपा करून नका लिहू, नियम पाळणारा इन्स्टन्स तिथे बनतच नाही. बऱ्याचदा थरांचा क्रम बदलला तरी काम होतं: रनरिसोर्सटी (उघडलेल्या फाइल्स वगैरे शेवटी बंद करणारं फंक्शन) सगळ्यात बाहेर आणि इव्हॅलस्टेटटी त्याच्या आत, कारण रनरिसोर्सटीला खालचा मोनाड अनलिफ्ट होणारा, म्हणजे थर उतरवून साध्या आयओवर आणता येणारा हवा आणि आता तो साधा आयओ असतो. तेही जमत नसेल तर रीडरटी (फक्त वाचायची माहिती पुरवणारा थर) आणि त्यात आयओरेफ (बदलता येणारी जागा). मला तर दुसरं जास्त पटतं, कारण जुन्या पद्धतीत एक्सेप्शनच्या वेळी स्टेट गुपचूप हरवायची शक्यता असायची.

डिपेंडन्सीचं पटकन सांगतो: कॉन्ड्युट-कॉम्बिनेटर्स आता मुख्य पॅकेजमध्येच आलंय, यादीतून नाव काढा, आणि कॉन्ड्युट-एक्स्ट्रा १.३ व रिसोर्सटी १.२ सोबतच वाढवा.

आता सगळ्यात घातक चूक, कारण इथे कंपायलर काहीच बोलत नाही. १.३ मधून फायनलायझर (तुकडा थांबला की साफसफाई करणारा कोड) पूर्ण काढून टाकलेत. ॲडक्लीनअप आणि यील्डऑर ही जुनी फंक्शन्स वापरली असतील तर एरर तरी येतो, ती ब्रॅकेटपीने बदलता येतात. पण सोर्सफाइल (फाइल वाचणारं फंक्शन) वापरणारा जुना कोड जसाच्या तसा कंपाइल होतो आणि वागतो मात्र वेगळा. आधी खालच्या टोकाने दहा ओळी घेऊन थांबलं की वरची फाइल लगेच बंद व्हायची. आता फाइल शेवटपर्यंत वाचली तरच ती लगेच बंद होते, अर्धवट सोडली तर रनरिसोर्सटी संपेपर्यंत हँडल (उघड्या फाइलचा दुवा) उघडंच राहतं. हे मी स्वतः भोगलंय, भरपूर लॉग फाइल्सची फक्त पहिली ओळ वाचणारा प्रोग्राम, सगळा लूप एकाच रनरिसोर्सटीच्या आत, आमच्या टेस्टमध्ये मोजक्या फाइल्स म्हणून सगळं हिरवं, आणि खऱ्या डेटावर "टू मेनी ओपन फाइल्स". बऱ्याच लिनक्स मशीनवर ही मर्यादा १०२४ असते, तोपर्यंत सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं.

उपाय असा की लूप बाहेर काढा आणि प्रत्येक फाइलसाठी आत वेगळं रनकॉन्ड्युटरेस (रनकॉन्ड्युट आणि रनरिसोर्सटी एकत्र) चालवा, किंवा विथसोर्सफाइल वापरा. सगळा कोड वाचायला वेळ नसेल तर टेकसी आणि हेडसी (सुरुवातीचे काही किंवा पहिलाच तुकडा घेणारी फंक्शन्स) कुठे कुठे आहेत ते शोधा, अर्धवट वाचन बहुतेक तिथेच असतं. आणि तपासताना शेलमध्ये यूलिमिट -एन ने मर्यादा मुद्दाम ६४ वर आणा, त्याच शेलमधून शे-दोनशे फाइल्सवर प्रोग्राम चालवा, हँडल साचत असतील तर तो लगेच पडतो.