समुद्रशेवाळ गच्चीवरच्या बागेसाठी आणताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर कोकणात जाऊन येणारे पुणेकर हल्ली परतताना किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ बागेसाठी घेऊन येतात. चांगलीच गोष्ट आहे. शेवाळात पालाश, म्हणजे पोटॅशियम, भरपूर असतं. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मात्र बेताचंच, त्यामुळे शेणखत बंद करून नुसत्या शेवाळावर बाग पोसता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती गाडीत भरताना. मी दिवेआगरहून पहिल्यांदा आणलं तेव्हा जुन्या ढिगाच्या तळाचं ओलं शेवाळ प्लास्टिकच्या दोन पोत्यांत दाबून, तोंडं घट्ट बांधून डिकीत टाकलं. ताम्हिणी चढेपर्यंत गाडीभर सडक्या अंड्यांचा वास, आणि मुलीचं डोकं दुखायला लागलं. हवा न मिळता शेवाळ कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो विषारी वायू आहे. बंद गाडीत हा नुसता वासाचा प्रश्न राहत नाही. तेव्हापासून मी ताज्या भरतीनं आणलेलं, वरवरचंच उचलते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ते जास्त मिळतं. मुक्कामाच्या अंगणात दिवसभर पसरायचं, वाळू झटकायची आणि गोणपाटात सैल भरायचं. वाळल्यावर वजनही खूप उतरतं.

उचलताना हातमोजे हवेतच. पावसाळ्यात शेवाळात निळ्या फुग्यांचे, जेलीफिशसारखे ब्लूबॉटल अडकलेले असतात आणि मेल्यावरही ते डंख मारतात. त्याच दिवसांत डांबराचे गोळेही लागतात. असं माखलेलं शेवाळ तिथेच सोडा. वाळूत फावडं मात्र कधीही चालवू नका. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. ढीग सगळा उपसूही नका, कारण बारीक किडे, खेकडे आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्याच्यावरच जगतात.

आणखी एक चूक नकळत होते. पंख्यासारखी, जाळीदार, कडक फांदी शेवाळ समजून उचलली जाते. ती वनस्पती नाही, प्रवाळाच्या जातीचा प्राणी आहे. पूजेच्या सामानात ‘इंद्रजाल’ म्हणून विकतात ते हेच. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते बाळगणं गुन्हा आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीच उचलू नये.

घरी आल्यावर प्रश्न मिठाचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून घाबरून काही जण शेवाळ रात्रभर बादलीत भिजवतात. मग मिठाबरोबर पालाशही निघून जातं. दोनदा बुडवून लगेच काढलं की पुरे. सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर जास्त जपा. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर धरला, पानांची टोकं करपली, तर शेवाळ थांबवा आणि तळातून पाणी वाहेपर्यंत साधं पाणी घाला. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पुन्हा तेच करा. कुंडीचं भोक मोकळं असेल तर पुण्याचा पाऊस उरलेलं काम करतो.

शेजाऱ्यांची वासाची तक्रार आली, तर पिंपात भिजवून द्रवखत करण्याचा नाद सोडा. शेवाळाच्या एका भागाला सुक्या पाल्याचे तीन-चार भाग घेऊन थर लावा आणि आठवड्यातून एकदा खालीवर करा. द्रवखतच हवं असेल तर झाकण सैल ठेवा, रोज ढवळा आणि फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करूनच झाडांना द्या.

वाहून आलेलं शेवाळ खाऊ नका. ते किती दिवस कुजतंय ते कळत नाही, आणि तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठतं. खाडीच्या तोंडाशी किंवा बंदराजवळ मिळालेलं मी भाजीच्या वाफ्यातही घालत नाही, फुलझाडांनाच देते.

उरलेलं गोणपाटात टांगून ठेवा. जूनमध्ये हवा दमट झाली की ते ओलसर लागतं. ऊन पडलं की पुन्हा पसरा.