सिम्फनीला जोडीचा पीस कसा लिहायचा, आमच्या खळ्यातली पद्धत

डबलबारी, म्हणजे कोकणातला दोन भजनी बुवांचा सामना, ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट समजवायला दोन मिनिटं पुरतात. समोरच्या बुवांची बारी झाली की दुसरे बुवा त्यांचं सगळं परत गात बसत नाहीत, त्यांच्या गजरातला एक शब्द नाहीतर एखादी जागा पकडतात आणि तिथून आपली बारी उभी करतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रोमँटिक काळातल्या सिम्फनीला, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेला, आधी किंवा नंतर वाजवायचा जोडीचा नवीन पीस लिहायचा तो असाच लिहायचा. एक जागा पकडायची, बाकी सगळं सोडून द्यायचं.

आम्ही वेंगुर्ल्यात दर थंडीत हे करतो. सिम्फनी रेकॉर्डिंगवरून, चांगल्या स्पीकरवर, आणि जोडीचा पीस खळ्यात, म्हणजे अंगणात, समोर बसून, पेटी, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मृदंग एवढ्यावरच. ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकायचा तर मुंबई गाठायला लागते, एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, रात्रीची गाडी पकडून एकदा तरी जाऊन या.

पहिल्यांदा करताय तर 40-45 मिनिटांची सिम्फनी घ्या. मालर या संगीतकाराची तिसरी दीड तासाच्या आसपास जाते, ते पूर्ण भरलेलं ताट आहे, त्यात अजून काही वाढू नका. त्याच्याच दुसऱ्या सिम्फनीत पहिल्या मूव्हमेंटनंतर, म्हणजे पहिल्या भागानंतर, किमान 5 मिनिटं थांबा असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्या वेळात आपला पीस बसवू असं कुणीतरी सुचवतंच, पण नको, ती शांतता त्याच्या सिम्फनीचाच भाग आहे.

आता ड्वोरझाकची नववी सिम्फनी, डिसेंबर 1893 ला न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. तिची दुसरी मूव्हमेंट लार्गो, म्हणजे संथ लयीची, डी फ्लॅट मेजर म्हणजे आपली काळी एक, कितीतरी भजनी बुवांची रोजची पट्टी. इंग्लिश हॉर्नवर, म्हणजे सनईच्या जातीच्या एका वाद्यावर, जी ओळ येते तिची सुरुवात ग प प, ग रे सा, सगळे भूपाचे स्वर. मोह होतो की चला भूप वाजवून टाकू. अजिबात करू नका, ते साम्य ऐकणाऱ्याला आपोआप सापडू दे. आम्ही त्या ओळीच्या आधीचे ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे, कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) घेतले, ई मेजरवरून निघून डी फ्लॅटवर येऊन टेकतात ते. पेटीवर पांढरी तीनपासून काळी एकपर्यंत तोच प्रवास, फक्त सहा मिनिटं लावून, आणि काळी एकवर पोचलो की तिथेच थांबलो. मग सिम्फनी लावली. लार्गो सुरू झाला तेव्हा पुढे बसलेल्या एका काकूंनी मान वर केली आणि शेजारणीचा हात दाबला, त्यांना कॉर्ड ओळखू आला होता, आणि त्यांनी आयुष्यात त्याआधी सिम्फनी ऐकलेली नव्हती!

अजून एक जागा आहे त्यात. अख्ख्या सिम्फनीत झांज एकदाच वाजते, शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, तीही हळू. आपल्या भजनात झांज थांबतच नाही. झांजवाला पूर्ण वेळ हातात झांज धरून बसलाय आणि एकच ठोका, एवढ्यावर एक पीस उभा राहील, कुणीतरी लिहा खरंच.

पट्टी मात्र आदल्या दिवशी तपासा. युरोपातले बरेच ऑर्केस्ट्रा आपला ए स्वर 440 हर्ट्झच्या किंचित वर लावतात, 442, 443, आणि पेटी काही ऐनवेळी लावता येत नाही. फरक कानाला टोचत असेल तर पीसचा शेवट व्हायोलिनवर ठेवा.

चायकोव्हस्कीची सहावी पण 1893 चीच, ऑक्टोबरमध्ये पीटर्सबर्गला वाजली आणि नऊ दिवसांनी तो गेला. दुसरी मूव्हमेंट पाच मात्रांची, दोन-तीन दोन-तीन, मृदंगवाल्याला समजवायला लागत नाही, झपतालाचं अर्धं आवर्तन. पण खरी जागा शेवटच्या मूव्हमेंटच्या सुरुवातीला आहे, स्कोअर, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतो तो उघडून बघाच. जी ओळ आपल्याला ऐकू येते ती तिथे कुणीच वाजवत नाही! एक स्वर पहिल्या व्हायोलिनचा, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनचा, असं एकाआड एक. आम्ही आमची नवीन ओळ तशीच पेटी आणि क्लॅरिनेटमध्ये वाटून दिली. चार दिवस काही जमेना, पेटीवाले दादा म्हणायचे माझ्या वाट्याला गाणंच येत नाही. मग दोघांना समोरासमोर बसवलं, पायाने ताल धरायचा नाही, याने त्याचा श्वास बघायचा आणि त्याने याचा भाता, तेव्हा कुठे ओळ लागली.

हा पीस आम्ही पहिल्या वर्षी सिम्फनीनंतर ठेवला ती मोठी चूक झाली. ती सिम्फनी खालच्या सुरांत विझत विझत संपते, लोक तसेच बसून होते, एकजण डोळे पुसत होता, आणि आम्ही पेटी उघडली. अजून वाईट वाटतं त्याचं. शांत संपणाऱ्या सिम्फनीला जोड नेहमी आधी लावा, आणि मध्ये चहा नको, सरळ सिम्फनी. नंतर जोड चालते ती ब्राम्सच्या चौथीला, 1885 ची, जिच्या शेवटी 8 मापांचं (माप म्हणजे तालाचा छोटा विभाग) एकच आवर्तन 30 वेळा रूप बदलून येतं आणि मग कोडा, म्हणजे समारोप, धाडकन संपतो. तिथे लोकांना अजून ऐकायची भूक असते. फक्त एकतिसावं व्हेरिएशन लिहू नका, त्यातलं एखादं अर्धं माप घ्या आणि हळू चाला. लांबी सात-आठ मिनिटं, बास.

दिवस निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारी बघा. जूनमध्ये कौलांवर पाऊस सुरू झाला की चायकोव्हस्कीचा शेवट कुणालाच ऐकू येणार नाही. समुद्र जवळ असेल तर भरतीची वेळ पण बघून ठेवा कारण रात्री गाज बरीच वाढते. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा, लाईट गेली तरी स्पीकर चालू राहायला हवा. आणि शेवटच्या मूव्हमेंटला पंखा बंद करायला एका पोराला बटणाजवळ बसवा.