भारनियमनाच्या काळातला इमर्जन्सी लाइट पुन्हा सुरू करताना

महाराष्ट्रात 2005 नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. त्या काळात घरोघरी घेतलेले, दोन छोट्या नळ्यांचे इमर्जन्सी लाइट आज बहुधा माळ्यावर धूळ खात पडलेले असतात. ते भंगारात देण्याची घाई करू नये, कारण त्यांतले बरेचसे केवळ बॅटरी गेल्यामुळे बंद असतात. मात्र जुनी बॅटरी का गेली हे न पाहता नवी बसवली, तर काही महिन्यांत तीही त्याच वाटेने जाते. म्हणून बॅटरीइतकेच लक्ष चार्जिंगच्या सर्किटकडे द्यावे.

खोलण्यापूर्वी पिन भिंतीतून काढावी आणि खोलल्यावर आत ट्रान्सफॉर्मर (लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला जड ठोकळा) आहे की नाही ते आधी पाहावे. काही स्वस्त लाइटमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी केवळ कपॅसिटरने (वीज साठवणाऱ्या छोट्या भागाने) विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, उतरवलेला असतो. अशा लाइटची पिन लावलेली असताना आतल्या कोणत्याही तारेला हात लागला तर 230 व्होल्टचा धक्का बसू शकतो, त्यामुळे तो उघड्या स्थितीत चालू करून तपासणे नवख्या माणसाने टाळावे. खाली मोजमापाचे जे सांगितले आहे, ते ट्रान्सफॉर्मर असलेल्या लाइटसाठी आहे.

आतली बॅटरी साधारणपणे 6 व्होल्ट, 4.5 अँपिअर-अवरची, सीलबंद शिसे-आम्ल प्रकारची असते. ती फुगली असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर चार्ज करून पाहूच नये. वरून ठीक दिसणारी बॅटरी रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मल्टीमीटरने मोजावी. चांगली असेल तर 6.3 ते 6.4 व्होल्ट दिसतात. वर्षानुवर्षे रिकामी पडलेली बॅटरी मात्र क्वचितच सावरते, कारण तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसलेला असतो. झाकण उचकटून पाणी घालण्याच्या खटपटीपेक्षा नवी आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. तिच्यातले शिसे घरच्या कचऱ्यात जाता कामा नये.

टोकांना जोडलेल्या तारांवर पांढरी किंवा हिरवी पूड दिसली, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने ती पुसावी, नंतर साध्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावे. तार आतपर्यंत काळी पडली असेल तर बदलावी. सर्किटवरचे फुगलेले कपॅसिटर त्याच क्षमतेचे आणि त्याच किंवा अधिक व्होल्टचे घेऊन बदलावेत.

नवी बॅटरी जोडताना लाल तार अधिक (+) टोकालाच जाते याची दोनदा खात्री करावी. मग पिन लावून दहा-बारा तासांनी बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. लाइट कायम पिनेला लावून ठेवायचा असेल, तर हा आकडा 6.75 ते 6.9 व्होल्टच्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. तो 7.5 च्या पुढे जात असेल, तर चार्जिंग आपोआप थांबत नाही, आतले पाणी वायू होऊन उडून जाते आणि बॅटरी सुकते. जुनी बॅटरी बहुधा याच कारणाने गेलेली असते. दुरुस्ती करणाऱ्याकडून चार्जिंगचे सर्किट बदलून घ्यावे, किंवा ते होईपर्यंत चार्जिंग झाल्यावर पिन काढण्याची सवय ठेवावी. शिसे-आम्लाच्या चार्जरला लिथियम बॅटरी कधीही जोडू नये. आगीचा धोका असतो.

नळ्यांची टोके काळी पडली असतील, तर नळी बदलण्याऐवजी 6 व्होल्टची एलईडी प्लेट बसवणे सोयीचे पडते. नळी पेटवणारे सर्किट काही शे व्होल्ट तयार करते, म्हणून प्लेट त्याच्या पुढे न जोडता खटक्यामार्गे थेट बॅटरीच्या तारांना जोडावी. 12 व्होल्टची पट्टी आणली तर ती 6 व्होल्टवर नीट पेटणारच नाही. काढलेल्या नळ्यांत पारा असतो, त्या फुटू देऊ नयेत.

शेवटी पूर्ण चार्ज केलेला लाइट पिन काढून चालू ठेवावा आणि वेळ नोंदवावी. बॅटरी 5.25 व्होल्टवर आली की तो बंद करून लगेच चार्जिंगला लावावा, कारण त्याखाली वारंवार गेल्याने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. वापर नसला तरी दर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्जिंग करावे.