अमेरिकेत परवाना निलंबित झाल्यावर एसआर-२२ कसे दाखल करावे आणि कसे टिकवावे

अमेरिकेत गाडी चालवण्याचा परवाना निलंबित झाल्यावर डीएमव्हीच्या (राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या) पत्रात ‘एसआर-२२’ हा शब्द वाचून अनेकांचा असा समज होतो की हा विम्याचा एखादा महागडा प्रकार आहे. प्रत्यक्षात तो विमा नाही. या चालकाकडे राज्याने ठरवलेला किमान दायित्व-विमा (इतरांच्या नुकसानीची भरपाई करणारा विमा) आहे आणि तो बंद पडल्यास आम्ही राज्याला कळवू, अशी हमी विमा कंपनी ज्या प्रमाणपत्राद्वारे देते, ते एसआर-२२. दारू पिऊन गाडी चालवणे, विम्याविना गाडी चालवताना पकडले जाणे किंवा अपघात होणे, परवाना निलंबित असतानाही गाडी बाहेर काढणे, ही ते मागितले जाण्याची नेहमीची कारणे आहेत.

सर्वांत आधी आलेले पत्र शांतपणे पूर्ण वाचावे. निलंबन कधीपासून आहे, ते उठवण्यासाठी कोणते शुल्क भरायचे आहे, एखादा अभ्यासक्रम पूर्ण करायचा आहे का, आणि प्रमाणपत्र किती काळ लागणार आहे, हे मुद्दे त्यातून टिपून घ्यावेत. मुदत राज्यागणिक बदलते: कॅलिफोर्नियात ती सहसा ३ वर्षे असते, तर टेक्ससमध्ये दोषसिद्धीच्या तारखेपासून २ वर्षे. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये एसआर-२२ वापरतच नाहीत. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात मद्यपानाच्या दोषसिद्धीनंतर त्याऐवजी एफआर-४४ नावाचे तसेच प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी विम्याची मर्यादा बरीच जास्त ठेवावी लागते. फ्लोरिडात ती एका जखमी व्यक्तीमागे १ लाख, एका अपघातामागे ३ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५० हजार डॉलर आहे. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राने सांगितलेली माहिती जशीच्या तशी लागू करू नये. कॅलिफोर्नियात मद्यपानाच्या आरोपावरून अटक झाली असेल, तर डीएमव्हीकडे सुनावणी मागण्यासाठी केवळ १० दिवस मिळतात आणि ही सुनावणी न्यायालयातील खटल्यापेक्षा वेगळी असते, हे विशेष लक्षात ठेवावे.

हे प्रमाणपत्र चालकाला स्वतः दाखल करता येत नाही. ते विमा कंपनीच दाखल करते. त्यामुळे सध्याच्या कंपनीला फोन करून ती हे काम करते का, हे विचारावे. प्रमाणपत्र दाखल करण्याचे शुल्क किरकोळ असते. खरा भार वाढलेल्या प्रीमियमचा असतो आणि तो प्रमाणपत्रामुळे नव्हे, तर त्यामागच्या गुन्ह्यामुळे वाढतो. कॅलिफोर्नियात मद्यपानाच्या दोषसिद्धीनंतर चांगल्या चालकाची सवलत १० वर्षे मिळत नाही. कंपन्यांच्या दरांत मोठी तफावत असते, त्यामुळे कंटाळा न करता तीन-चार ठिकाणी दर मागावेत, मात्र प्रत्येक ठिकाणी घडलेला प्रकार खरा सांगावा, कारण लपवलेली नोंद कंपनीला चालकाच्या इतिहासात दिसतेच आणि खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी नेमक्या गरजेच्या वेळी रद्द होऊ शकते. कोणतीच कंपनी तयार नसेल, तर अशा चालकांसाठी राज्यांच्या वेगळ्या योजना असतात. कॅलिफोर्नियात ‘ऑटोमोबाइल असाइन्ड रिस्क प्लॅन’ ही तशी योजना आहे.

स्वतःच्या नावावर गाडी नसली तरी परवाना परत मिळवण्यासाठी प्रमाणपत्र लागू शकते. अशा वेळी ‘नॉन-ओनर’ पॉलिसी घेता येते. ती तुलनेने स्वस्त असते, पण इतरांच्या नुकसानीपुरतीच असते. चालवायला घेतलेल्या गाडीचे नुकसान ती भरून देत नाही. घरात जोडीदाराची गाडी असेल आणि ती नेहमी वापरायला मिळत असेल, तर ही पॉलिसी सहसा चालत नाही, म्हणून घरातल्या गाड्यांची माहिती एजंटला आधीच द्यावी.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मोठी चूक बहुधा येथेच होते. पॉलिसी बंद पडली की कंपनी एसआर-२६ नावाची सूचना राज्याला पाठवते, परवाना पुन्हा निलंबित होतो आणि अनेक राज्यांत मुदत पहिल्यापासून मोजली जाते. आपल्याकडच्या कुटुंबांत हा खंड निष्काळजीपणापेक्षा अगदी साध्या घरगुती कारणांनी पडतो: आईवडिलांच्या आजारपणासाठी दोन-तीन महिने पुण्याला किंवा नाशिकला जायचे म्हणून विमा थांबवला जातो, गाडी विकली म्हणून पॉलिसी बंद केली जाते, किंवा बँकेचे कार्ड बदलल्याने हप्ता कापलाच जात नाही. भारतात जाताना पॉलिसी चालूच ठेवावी. गाडी विकायची असेल, तर त्याआधी नॉन-ओनर पॉलिसी सुरू करून तिचे प्रमाणपत्र पोहोचल्याची खात्री करावी. कंपनी बदलतानाही नवे प्रमाणपत्र नोंदले जाईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये. शक्य असल्यास सहा महिन्यांचा प्रीमियम एकदम भरावा. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेल्यावरही जुन्या राज्याची अट संपत नाही, आणि नवे राज्य परवाना देताना जुने निलंबन तपासते. भारतीय किंवा आंतरराष्ट्रीय परवाना दाखवूनही मार्ग निघत नाही, कारण निलंबन त्या राज्यात गाडी चालवण्याच्या हक्काचे असते.

एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्यांनी मद्यपानाच्या प्रकरणात इमिग्रेशन वकिलाचा सल्ला भारताचे तिकीट काढण्यापूर्वी घ्यावा. केवळ अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे अमेरिकेतील वास्तव्य आपोआप बेकायदा ठरत नाही, परंतु बाहेर पडल्यावर परतण्यासाठी नवा व्हिसा काढावा लागतो आणि त्यात वैद्यकीय तपासणीही मागितली जाऊ शकते.

मुदत संपत आली की स्वतःच्या हिशेबावर विसंबू नये. डीएमव्हीकडून अट संपल्याची तारीख लेखी मिळवावी, आणि ती तारीख उलटून गेल्यावरच विमा कंपनीला एसआर-२२ काढून टाकण्यास सांगावे. कंपनी ते आपणहून काढेलच असे नाही. त्यानंतर इतर कंपन्यांकडे पुन्हा दर मागावेत.