काळा चष्मा काढला, तेव्हा गूढ आलं

कथेतला भाडेकरू गूढ वाटावा म्हणून मी त्याला काळा चष्मा, गालावर व्रण आणि अर्धवट वाक्यं दिली होती. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या मावशीनं वाचून विचारलं, "हा माणूस हाय का बुजगावणं, बाप्पा?"

झोंबलं. पण खरंच होतं. तो काय लपवतोय हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग वेगळ्या वहीत त्याचं सगळं खरं लिहून काढलं, दोन पानं. कथेत त्यातली एक ओळही घातली नाही. नाव, गाव, नोकरी मात्र पहिल्याच पानावर सांगून टाकली. चष्मा गेला, व्रण गेला. (व्रणाचं जरा वाईट वाटलं.) त्याऐवजी सवय दिली: रोज सकाळी टपरीवर तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा घ्यायच्या, एक तशीच ठेवून उठायचं. टपरीवाल्याचा तर्क वेगळा, घरमालकिणीचा वेगळा.

शेवटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जावी म्हणून काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. सगळा रस्ता "घेऊन जा गे मारबत" ओरडतोय, हा एकटाच गप्प, पिवळ्या मारबतीला हात जोडून.

मावशीचा रात्री फोन: "दुसरी प्लेट कोनाची होती, सांग ना!"

सांगितलं नाही.