डेन्व्हरमधली हिरवळ: थंडीपूर्वी आणि थंडीत

कोलोरॅडोच्या डेन्व्हर परिसरात घरापुढे बहुधा केंटकी ब्लूग्रास या गवताची हिरवळ असते. हिवाळ्यात ती पिवळी पडते, पण मेलेली नसते. तिला मारतो तो बर्फ नव्हे, कोरडेपणा.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत खत द्या: 100 चौरस मीटरला साधारण 500 ग्रॅम नत्र, म्हणजे 20 टक्के नत्राचं खत अडीच किलो. त्याआधी माती ओलवून एरेटरने (मातीत भोकं पाडणाऱ्या दातेरी यंत्राने) 5 ते 7 सेंटिमीटर खोल मातीच्या गुल्ल्या काढा. कोरड्या मातीत दाते शिरतच नाहीत. गुल्ल्या तिथेच राहू द्या. गवत 6 ते 7 सेंटिमीटरच ठेवा, शेवटच्या कापणीतही.

कडक गोठणीआधी स्प्रिंकलरच्या नळ्या हवेने रिकाम्या करा, नाहीतर आत राहिलेलं पाणी गोठून त्या फुटतात.

यानंतरचं काम बहुतेकजण विसरतात. तीन-चार आठवडे बर्फ-पाऊस नसेल, तर तापमान 5 अंश सेल्सियसपेक्षा जास्त असताना दुपारी होजने (रबरी नळीने) पाणी द्या. जमीन गोठलेली असेल तर नको. दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे उतार आधी भिजवा. तिथेच माती लवकर वाळते आणि गवताचा रस शोषणारे बारीक कोळी (माइट) वाढतात. मार्चमध्ये दिसणारे वाळके पट्टे बहुधा त्यांचेच. काम झालं की होज नळापासून सोडवा.