आर्मरवाल्या गड्यावर +३२ भारी की ७५ टक्के? हत्याराचा बोनस असा मोजा

व्हिडिओ गेममध्ये हत्याराखाली "आर्मरवर जास्त डॅमेज", म्हणजे चिलखतवाल्याला जास्त मार, असं लिहिलेलं दिसलं की आपण लगेच ते उचलतो, मी पण तेच करायचो, स्कायरिम नावाच्या गेममध्ये पहिल्या कॅरेक्टरला गदा दिली ती निव्वळ "आर्मर इग्नोर" वाचून, आणि मग अर्धा गेम उघड्या अंगाच्या डाकूंना हळू हळू बडवत बसलो. म्हणजे बोनसचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो हिशोबात कुठे जाऊन बसतो ते आधी बघायचं.

मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच पिशवीत टाकतात. एक म्हणजे आर्मर फोडणं, यात शत्रूचं चिलखत थोडं किंवा पूर्ण धरलंच जात नाही. दुसरं म्हणजे ठराविक प्रकारच्या शत्रूवर वरून मिळणारा डॅमेज. पहिल्यात तुम्ही कितीही फोडलं तरी उघड्या माणसाला जेवढं लागलं असतं त्याच्यावर जाऊच शकत नाही. दुसऱ्यात बिनधास्त जाता येतं.

आधी पहिला प्रकार. स्कायरिममध्ये बोन ब्रेकर नावाचा पर्क (निवडून घ्यायची खास क्षमता) आहे, वन-हँडेड (एका हाताने चालवायच्या हत्यारांचं) स्किल ३०, ६० आणि ९० ला त्याचे तीन टप्पे मिळतात आणि गदा शत्रूचं २५, ५० आणि ७५ टक्के आर्मर सोडून देते. आता डेड्रिक बनावटीच्या तलवारीचा बेस (मूळ) डॅमेज १४ आणि स्पीड (घाव घालायचा वेग) १, डेड्रिक गदेचा १६ पण स्पीड ०.८, म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला तलवार १४ आणि गदा १२.८. बाकी आर्म्समनसारखे डॅमेज वाढवणारे पर्क दोघांनाही सारखेच गुणतात म्हणून ते सोडून देऊ. समोरच्याचं आर्मर शून्य असेल तर तलवार पुढे, विषय संपला. पण समोरचा ६० टक्के डॅमेज अडवणारा असेल तर तलवारीचे १४ चे राहतात ५.६, आणि ७५ टक्केवाल्या गदेसाठी ते ६० चे होतात फक्त १५ टक्के, म्हणजे १२.८ मधून उरतात जवळपास १०.९. जवळजवळ दुप्पट!

मग दोघं बरोबरीत कुठे येतात? समीकरण मांडलं तर ७५ टक्क्यांच्या पर्कला साधारण ११ टक्के अडवणाऱ्या शत्रूपासूनच गदा पुढे जाते, पण पहिल्याच टप्प्याला, म्हणजे २५ टक्क्यांना, शत्रू २७ टक्क्यांच्या वर अडवणारा लागतो. स्कायरिममध्ये आर्मरचा एक पॉइंट ०.१२ टक्के अडवतो, म्हणजे २७ टक्के म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास रेटिंग. सुरुवातीला असे शत्रू भेटतात किती ते तुम्हीच आठवा, माझं तिथेच चुकलं होतं. (तलवारीचा क्रिटिकलवाला, म्हणजे अधूनमधून जादा डॅमेज देणारा, पर्क यात धरलेला नाही, तो धरला तर तलवार अजून थोडी वर सरकते.)

आता दुसरा प्रकार, आणि याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे एज ऑफ एम्पायर्स २ हा सैन्य लढवायचा गेम. इथे टक्के नाहीत, सरळ वजाबाकी. पण एकच वजाबाकी नाही, प्रत्येक आर्मर क्लासची (साधा हातघाईचा मार, घोडदळावरचा मार असे माराचे प्रकार) वेगळी. हॅल्बर्डियर या भालेवाल्या शिपायाचा साधा अटॅक ६, लोहाराकडचे सगळे अपग्रेड घेतले की १०, आणि घोडदळावर +३२ वेगळा. समोर पॅलाडिन हा चिलखती घोडेस्वार, पूर्ण अपग्रेडवाला, मेली आर्मर (हातघाईच्या घावांपुढचं चिलखत) ५. तर १० वजा ५ झाले ५, आणि ते ३२ ला पॅलाडिनचं मेली आर्मर हातच लावत नाही कारण तो वेगळा क्लास आहे, एकूण ३७. हाच हॅल्बर्डियर लूम (गावकऱ्यांना चिलखत देणारं अपग्रेड) न केलेल्या गावकऱ्याला मारतो तेव्हा लागतात फक्त १०. चिलखतवाल्याला उघड्यापेक्षा जवळपास पावणेचारपट! गदेला हे जन्मात जमणार नाही.

पण हेच +३२ बायझंटाइनांच्या एलिट कॅटाफ्रॅक्टवर टाकून बघा. त्याच्याकडे घोडदळ क्लासचंच आर्मर १६ आहे, त्यामुळे ३२ चे होतात १६, वरचे ५ धरून २१. दोघंही घोडेस्वारच, पण एकाला ३७ आणि एकाला २१. बोनस कुठल्या क्लासवर आहे आणि त्या क्लासचं आर्मर किती, हे दोन्ही बघितल्याशिवाय तुलना करूच नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॅमेज नाही, किती घावात मरतो ते मोजा. पॅलाडिनचे एचपी (जीव) १६०. आर्मरचे अपग्रेड नसताना मेली आर्मर २, हॅल्बर्डियर मारतो ४०, म्हणजे बरोब्बर ४ घाव. आर्मर ५ झालं की ३७ आणि घाव ५. आता गंमत बघा, ब्लडलाइन्स या घोडदळाचा जीव वाढवणाऱ्या अपग्रेडने एचपी १८० झाले तर ४० नेही ५ घाव आणि ३७ नेही ५ घाव, म्हणजे त्या हॅल्बर्डियरपुढे नंतर केलेल्या आर्मरचा एका घावाचाही फायदा नाही (बाण आणि बाकी सैन्यापुढे आहे, म्हणून करायचं नाही असं नाही). उलट चॅम्पियन हा तलवारवाला शिपाई बघा, त्याला घोडदळावर बोनस नाही, अपग्रेड धरून १७, त्यातून पॅलाडिनचे ५ वजा करून १२, १६० एचपीला १४ घाव. तो साधारण २ सेकंदाला एक घाव घालतो, हॅल्बर्डियर ३ सेकंदाला, तरी १४ दुणे २८ आणि ५ त्रिक १५, कोण आधी मारतो ते दिसतंच आहे. स्पीड धरायचा विसरू नका एवढंच, बरेच जण घावांवरच थांबतात.

ज्या गेमचा फॉर्म्युला माहीत नाही तिथे काय करायचं? एकच हत्यार घ्या, कमी आणि जास्त आर्मरचे दोन शत्रू शोधा, दोघांवर बोनसवाला आणि बिनबोनसवाला घाव घालून आकडे लिहून काढा. दोन्हीकडे फरक तेवढाच आला, समजा २० आणि २०, तर बोनस सरळ मिळवला जातो आणि आर्मर त्याला लागत नाही. फरक आर्मरबरोबर वाढत गेला तर ते आर्मर फोडणं आहे. आणि फरक घटत गेला तर बोनस आधी लागून नंतर त्यावर आर्मर बसतंय, तिथे आकडा कितीही मोठा दिसला तरी जाड चिलखतवाल्यापुढे तो फुसका निघतो. स्क्रीनवर डॅमेजचे आकडे येत नसतील तर घाव मोजा, पण मग भरपूर एचपीवाला शत्रू घ्या, ३ घावात मरणाऱ्यावर काही कळत नाही. आणि पॅच (गेमचं अपडेट) आला की परत एकदा मोजा, एज ऑफ एम्पायर्सचे आकडे तर सारखे हलत असतात.